डुगडुगती खुर्ची

सोमवार, ४
नोकरी लागली आणि वर राहायला खोलीही मिळाली! खाली जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती, वर मी आणि आई. मालक बोलायला अघळपघळ, पण कामात कडक. इथे जोड फक्त सरसाने चिकटवायचे. सरस वाफेने सुटतो, पुढच्या माणसाला जोड उघडता आला पाहिजे म्हणे. सुटायचंच असेल तर चिकटवायचं कशाला? पण पहिल्याच दिवशी कशाला वाद, मुकाट्याने मान डोलावली.

मंगळवार, ५
कोपऱ्यातल्या खुर्चीवर जीव जडलाय. कातीव पाय सगळ्यांत जुने. पाठ नंतरच्या काळातली, वेलबुट्टीने गजबजलेली. हात त्याहून अलीकडचे, साधे, टोकाला नुसत्या मुठी. डाव्या मुठीची करंगळी वाकडी. कुणाचा तरी हात समोर ठेवूनच कोरली असणार. तीन जमाने एकत्र नांदतायत आणि सांधा कुठे दिसत नाही. मागचा एक पाय तेवढा सैल आहे. मालकांच्या वडिलांनी तो तसाच ठेवायला बजावलंय. डुगडुगत्या खुर्चीत माणूस फार वेळ बसत नाही, तेच बरं म्हणे. असला आळशीपणा मला खपत नाही.

शुक्रवार, ८
मालक परगावी लिलावाला गेलेत. आईला गुडघ्यांमुळे तीच उंच खुर्ची सोयीची पडते. आज म्हणाली, लेक सुतार आणि आईच्या नशिबी डुगडुग. झोंबलं मला. बाजारातून नवा गोंद आणून पाय पक्का बसवला. आता सात पिढ्या हलणार नाही. आई खूश आहे.

रविवार, १०
आई उठायचं नाव घेत नाही. जेवणही तिथेच. खुर्चीचे हात अंगाला छान लागतात म्हणे. मला ते जवळ आल्यासारखे वाटले. मोजपट्टी घेतली आणि परत ठेवली. दिवसभर नुसती जिना वर-खाली करतेय. एका जागी बसवत नाही.

सोमवार, ११
पाठीवरची वेलबुट्टी आईच्या मानेवर उमटलीय. टेकून वळ उठला असेल — पण बोटाला खरखरीत लागतं. उठवायला गेले तर कळवळली. चल म्हटलं, तर म्हणते, कुठे?

मंगळवार
मालकांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, सरसच लावलास ना? नाही म्हटलं. मग हळूच म्हणाले, वडिलांनीही एकदा तो पाय घट्ट केला होता. सरसाने. वाफ देऊन आजीला सोडवलं. आजी तेवढी सुटली. हात राहिले.

किटल्यांवर किटल्या उकळल्या. माझा गोंद ढिम्म. करवत घेऊन खुर्चीचा पाय कापायला लागले — किंचाळली आई. भुसा ओला.

बुधवार
आई बोलत नाही. गुडघे गार, पॉलिश केल्यासारखे — माझंच काम, माझाच शहाणपणा —

तिच्या मांडीवर डोकं ठेवून लिहितेय. केसांतून हात फिरतोय. बरं वाटतंय. आई, मला माफ —

आईची करंगळी सरळ होती. ही