चार नंबरच्या बोअरचं जुनं पाणी

५ जानेवारी
आले बाई एकदाची इंदूरला! नागपूर आणि माजी नवऱ्याचे टोमणे मागे टाकून जुनी इंदूर मोहल्ल्यात आईकडे सामान उतरवलं. माझी नंदिनी सहा वर्षांची. आजीला पाहून इतकी खुश की दोनदा जेवली. नोकरी बघा कुठे लागली! बंद पडलेल्या कापडगिरणीची जमीन साफ होतेय, तिथलं जमिनीखालचं पाणी मी तपासायचं. माझे बाबा त्याच गिरणीत, रंगखात्यात होते. मी नऊ वर्षांची असताना सकाळपाळीला गेले ते आलेच नाहीत. पळून गेला असेल, म्हणाले गिरणीवाले. आई अजून रोज त्यांचं ताट वाढते.

७ जानेवारी
काम सोपं आहे. सात बोअर. पाइपात साचलेलं जुनं पाणी तीन बादल्या उपसून फेकायचं, मग येणारं ताजं पाणी बाटलीत भरायचं. पंपवाला ऋषभ भिया म्हणतो, पुराना पानी झूठ बोलता है. लेबलवर माझं पूर्ण नाव लिहायचं: सुजाता वाल्मिक तायडे. घटस्फोटानंतर बापाचं नाव परत लावलंय, लिहिताना बरं वाटतं. चार नंबरचा बोअर जुन्या रंगहौदाला लागून आहे. त्याचं पाणी निळं आलं, अगदी बाबांच्या नखांत असायचं तसं. तिथे एकच बादली फेकली. पुढच्या दोन जिवावर आल्या.

१० जानेवारी
लेबलवर खाली साक्षीदाराची रेघ असते. ती मी कोरी सोडली होती. आज नमुन्यांची पेटी उघडली तर चार नंबरच्या बाटलीवर, त्या रेघेवर, निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं: छबू. मला छबू म्हणणारं माणूस एकच होतं. ऋषभला विचारलं, तर तो म्हणाला, दीदी, तुमचं घरचं नाव मला काय माहीत. स्कूटीवर बसून हमसून हमसून रडले. पळून गेला म्हणे! मेल्यांनो, माझा बाप इथेच होता, त्या हौदाखाली.

११ जानेवारी
वेडेपणा म्हणा हवं तर. त्यांना कळावं म्हणून आज साक्षीदाराच्या रेघेवर मीच लिहिलं: नंदिनी, तुमची नात. बाटली चार नंबरच्या बोअरच्या तोंडाशी ठेवली. जुनं पाणी उपसलंच नाही.

१२ जानेवारी
नंदिनीची बोटं निळी झालीत. ती गिरणीकडे कधी फिरकलेली नाही. आईनं लिंबू, साबण, रॉकेल, सगळं लावून पाहिलं. निघत नाही. नंदिनी म्हणते, आजोबा हात धरतात, त्यांचा हात खूप थंड आहे.

१४ जानेवारी
निळं मनगटाच्या वर गेलं. पलासियाचे डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. आईनं पोरीचे हात पाहिले आणि बाबांच्या ताटाशी जाऊन बसली. ओळखलं तिनं.

१५ जानेवारी
कोपरापर्यंत. अंग बर्फ. श्वास घेते तेव्हा आत पाणी वाजतं. बाटलीवर नवी ओळ— छबू, पोरीला आण, एकटा आहे.
बाबा वाईट नाहीत. त्यांना फक्त— पण ती बुडतेय हो, बाबा.
आईला सगळं सांगितलं. बाबा ज्यात अडकलेत ते उपसायचं राहिलेलं जुनं पाणीसुद्धा. तिनं आज पहिल्यांदा बाबांचं ताट न वाढता मांडणीवर ठेवलं. म्हणाली, “जा, उपस ते पाणी. माझ्या माणसाला मी जाऊ देते. लेकरू मला पाहिजे.”

१६ जानेवारी, बोअरजवळ
पहिली बादली फेकली. आई फोनवर आहे— निळं कोपरावरून उतरलं म्हणते.
दुसरी फेकली. मनगट मोकळं. बाटलीवर अक्षरं उमटताहेत— नको छबू— थंडी वाजते— मला घरी—
तिसरी. उचलत नाही. कडीवर निळी बोटं. सायकल शिकवताना मागून धरायचे, तशीच घट्ट—
बाबा, सोडा. तुमचीच नात आहे.
सोडली.
ओतली मी.
फोनवर नंदिनी— मम्मी, हात साफ झाले.
बोअरमधून ताजं पाणी येतंय. स्वच्छ. त्यात कोणी नाही. नमुना भरला. लेबल लिहायचंय फक्त—
सुजाता वाल्मि— बाबांचं नाव पुरं लिहवत नाही.