पालीची घसरण

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.४०
आजपासून नियमित रोजनिशी. कारण मोठं आहे. मला देदो, म्हणजे आजोबा, म्हणणारी नात टेसा, तिचा खेळातला जोडीदार कर्टिस बर्फावर घसरला, मनगट मोडलं. १ मार्चला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये व्हिडिओगेमची जोड्यांची स्पर्धा. टेसा तिथे तीनदा दुसरी आली, पहिली एकदाही नाही. २ मार्चला ती नोकरीसाठी ओरेगनला जाणार. म्हणजे हीच शेवटची संधी.
काल जेवताना मी म्हटलं, मी आहे ना. ती बराच वेळ बटाटा चिवडत बसली. मग म्हणाली, "देदो, चारच आठवडे आहेत." याचा अर्थ हो.
आठवीत शाळा सुटली म्हणून काय झालं, बस डेपोत चौतीस वर्षं माझ्याइतके भरभर टायर कोणी बदलले नाहीत. म्हणून खेळातला सगळ्यात चपळ गडी घेतला. स्किटर नावाची पाल. डोलोरेस म्हणाली, तुला मोजे चढवायला पाव तास लागतो. बायकोला खेळातलं कळत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पहिली युक्ती, नाच. उजवीकडे धाव घ्यायची, पाऊल टेकायच्या आत डावीकडे, पुन्हा उजवीकडे. समोरच्याला कळत नाही आपण येतोय की जातोय. अकरा वेळा केलं. अकराही वेळा पाल धावत जाऊन कडेवरून खाली खड्ड्यात. मैदान आखूड बनवलंय. कंपनीला पत्र लिहिणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारी
दुसरी युक्ती, घसरण. उडी मारायची आणि उडता उडताच तिरकं खाली झुकायचं. मग पाल उभीच्या उभी जमिनीवरून सरकते, लोण्यावरून सुरी जावी तशी. टेसा म्हणाली, दोन बटणांमध्ये पापणी लवायलासुद्धा वेळ नसतो. माझी पाल उडी मारते, वर जाऊन विचार करते आणि खाली येते. बटणं लहान आहेत. शिवाय अंगठ्याचा संधिवात.
मूळ तत्त्व समजावं म्हणून स्वयंपाकघरात मोजे घालून घसरून पाहिलं. तत्त्व समजलं. डोलोरेसला मी फ्रीजच्या पायाशी सापडलो. तिने आधी विचारलं की लोण्याचं पाकीट उघडं का आहे. मी कसा आहे ते नंतर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
हॉलवर सरावाला गेलो आणि फार मोठा अपमान झाला. तिथल्या निम्म्या पोरांच्या शर्टावर ठळक अक्षरांत 'नो जॉन्स'. भिंतीवरही तेच. माझं नाव जॉन. इथे मला कोणी ओळखत नाही, तरी माझ्या नावाने बंदी! यंगस्टाउनात एकाहत्तर वर्षं काढली, चर्चच्या छपराची गळती मी काढली, आणि आता जॉन नको? पिरोगीची, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांची, बशी तशीच टाकून घरी आलो. स्पर्धेत नाव स्टॅनली घालणार.

बुधवार, १२ फेब्रुवारी
स्टॅनली कोण, टेसाने विचारलं. सांगितलं. ती हसत हसत जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "अरे देदो, या खेळात जॉन म्हणजे सबब! बटण अडकलं, उन्हाची तिरीप आली, अंगठा दुखला, तो प्रत्येक जॉन. नो जॉन्स म्हणजे हरलास तर सबबी सांगायच्या नाहीत." मी म्हटलं, मग त्याचा माझ्याशी काय संबंध? ती पुन्हा बसली.
डोलोरेस आतून ओरडली, अठ्ठेचाळीस वर्षं संसार करतेय, अर्थ ठाऊक होता, शब्द आज कळला.

सोमवार, १७ फेब्रुवारी
लिहून ठेवण्यासारखा दिवस! आज पहिल्यांदा जोडीने सराव. टेसानेही स्किटरच घेतली. जोडीत दोघांचा रंग एक, म्हणून दोन्ही पाली लाल, एक फिकट, एक गडद. आणि काय सांगू, माझी फिकट पाल नाचली, घसरली, समोरच्या दोघांना एकटीने लोळवलं. चार डाव जिंकलो. एकदम जमायला लागतं म्हणतात ते हेच. अंगठ्याला कळतही नव्हतं तो काय करतोय.
टेसाची गडद पाल मात्र सारखी खड्ड्यात. मी मायेने सांगितलं, पोरी, लक्ष दे. "हो देदो," म्हणाली. गुणी आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी
शेजारच्या ॲक्रन गावची बर्नाडेट टेसाच्या जोडीला खेळायला मोकळी आहे. चांगली खेळते म्हणे. टेसा म्हणाली, देदो, तुला थकवा वाटत असेल तर... मी म्हटलं, छे! बर्नाडेटची घसरण मी पाहिली आहे. माझ्यासमोर काहीच नाही. टेसाने फोन उचलून बर्नाडेटला नकार कळवला.
रात्रीचं जेवण वाढताना डोलोरेस म्हणाली, शेवटची संधी पोरीची आहे, तुझी नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर मी खेळतोय. तिने मटार माझ्या ताटात जरा जोरात टाकले.

सोमवार, २४ फेब्रुवारी
घरी एकट्याने सराव. एकदाही घसरण नाही. कोबीने पोट बिघडलंय. मी मोठ्या प्रसंगाचा माणूस. एकट्याने खेळात रंगत येत नाही.

शनिवार, १ मार्च. संध्याकाळी ५
जे झालं ते क्रमाने लिहितो.
पहिला सामना, दोन भाऊ समोर. दर खेळाडूला तीन जीव. माझी पाल नाचत होती. लोक ओरडत होते. घामाने चष्मा धूसर झाला म्हणून दोन्ही हात सोडून पुसायला घेतला. चष्मा हातात, बटणांवर बोट नाही.
पाल नाचतच होती.
चष्मा लावला. नीट पाहिलं. फिकट पाल घसरतेय, लोळवतेय. गडद पाल कोपऱ्यात हात लोंबते सोडून उभी, माझ्यासारखी. टेसाकडे पाहिलं. तिचे अंगठे भरभर चालले होते. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "देदो, तिथेच उभा राहा. छान चाललंय तुझं."
मी तिची फिकट पाल माझी समजतोय, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बर्नाडेटला नकार कळवतानाही.
मी उभा राहिलो. या खेळात एक नियम आहे: आपले जीव संपले की जोडीदाराचा एक जीव उचलता येतो. टेसा एकटी दोघांशी लढली, माझा एक जीव उचलला, एका भावाला बाद केलं. आता तिचा शेवटचा जीव, दुसऱ्या भावाचा शेवटचा, आणि मी कोपऱ्यात, माझाही एकच शिल्लक, एक मी आधीच खड्ड्यात घालवला होता. ती म्हणाली, "मी पडले तर तो घेईन. हलू नकोस हं."
मी हललो नसतो. पण समोरचा भाऊ मला म्हणाला, काय आजोबा, झोप लागली का? चौतीस वर्षं टायर बदलले मी. उडी, लगेच तिरकं खाली. आणि घसरण जमली! आयुष्यातली पहिली, खरी, माझी. गडद पाल उभीच्या उभी सुरीसारखी सरकली, अख्खं मैदान ओलांडून, पलीकडच्या कडेवरून थेट खड्ड्यात.
दोन क्षणांनी टेसा पडली. उचलायला जीव नव्हता.
पहिल्याच सामन्यात आम्ही स्पर्धेबाहेर. टेसाने भावांशी हात मिळवले, माझी टोपी सरळ केली आणि म्हणाली, "देदो, घसरण मात्र एक नंबर होती."

रविवार, २ मार्च. सकाळी
टेसा दुपारी ओरेगनला निघतेय. निरोपाची भेट म्हणून तिने मला पुडकं दिलं. उघडलं. शर्ट. 'नो जॉन्स'. माझ्याच मापाचा. डोलोरेस म्हणाली, घालून दाखव. घातला. पाव तास लागला.
काल का हरलो, याची कारणं लिहायला हे पान कोरं ठेवलं होतं. आठ तयार होती. लिहिणार नाही. चूक माझी. शर्टाचा मान ठेवतो.
मैदान मात्र आखूडच होतं.