प्रभुभोजनाआधी

बसूअण्णा,

लिहायचं टाळतच होतो. बाप्तिस्मा घेतला म्हणून तू मला मोडनिंबच्या घरातून काढलंस, तेव्हापासून मी सोलापुरात चर्चच्या आवारात राहतो. इथलं मांजर लई आगाऊ आहे, ते असो. येशूशी एकरूप व्हायचं म्हणून तासन्‌तास एकटाच डोळे मिटून बसायचो. काल प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर घ्यायच्या रांगेत, पाळकबाईंनी विचारलं, "भावाशी बोलतोस का रे?"

"न्हाय की."

"मग देवाशी एक कसा होशील? आधी त्याच्याशी समेट कर, मग भाकर घे."

रांगेतून तसाच परत फिरलो. राग अजून आहे, पण ती भाकर मला हवीय.

थांब, फाटकाशी कुणी गाडी लावली. अण्णा, तूच आलायस! आत यायला कचरतोयस. मीच बाहेर येतो.

तुझा धाकटा,
सिद्धू