बाहीचा नमुना आणि आपोआप हलणारा बाण

नाही, पेनड्राइव्ह मी विसरले नव्हते. निघताना तो पिशवीत आला नाही, एवढंच. विसरणं वेगळं.

धाकट्या, तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद. गुडघा बरा असेलच. (नसला तरी जिना चढून माझ्या घरात शिरायला तो आड येत नाही, हे परवा कळलं.) मी इथे मधल्याच्या पोरीकडे धडधाकट आहे. तू फोन बॅटरी झिजते म्हणून कपाटात ठेवतोस, म्हणून हा कागद खरडायची वेळ आली. तर ऐक. परवा दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर जे झालं ते भूत नव्हतं आणि चोरही नव्हता. मी होते. कुलूप बदलू नकोस.

पोरीने शिवणाचं दुकान टाकलंय, आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते बँडवाल्यांच्या कोटांचं. आता बँडवाला हात वर करून वाजवतो. त्याला साधी बाही लावली की पहिल्या फुंकीलाच काखेत टर्रकन फाटते. असल्या बाहीचा मुंढा, म्हणजे काखेची गोलाई, कसा कापायचा ते मला ठाऊक, म्हणून तर पोरीने मला बोलावलं. पण त्याचा नमुना राहिला घरच्या कॉम्प्युटरात. (कागदाचा होता तो उंदरांनी खाल्ला, तेव्हापासून मी कागदावर विश्वास ठेवत नाही. आता पेनड्राइव्हवरही नाही.) कापड त्याच रंगाचं पुन्हा मिळणार नव्हतं. चुकीचं कापलं असतं तर कोट गेले, गिऱ्हाईक गेलं, आणि पोरीचं दुकान उघडल्या उघडल्या बंद.

आपला कॉम्प्युटरवाला मागे राउटरमध्ये काहीतरी खुडबुड करून गेला होता. राउटर म्हणजे भिंतीवरचा तो दिवे लुकलुकणारा डबा. बाहेरगावाहून कुणी हाक मारली तर ती आधी डब्याला ऐकू येते, आणि त्याला बजावून ठेवलेलं असतं, की ही खूण सांगणारा आला तर माझ्या कॉम्प्युटरकडे सोड, बाकीच्यांना दारातूनच हाकल. मला तेव्हा ते सगळं थोतांड वाटलं होतं. पोरगी म्हणाली, करून बघू. सकाळभर हाका मारत बसली. डबा ढिम्म. पोरगी म्हणे राउटर बिघडला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घराबाहेर पडताना मी मेन स्विच पाडते ना! आपल्या आईनेच लावलेली शिस्त, तूही पाडतोस. डबा अंधारात, कॉम्प्युटर अंधारात, हाक ऐकणार कोण?

गिऱ्हाईक दारातून डोकावून गेलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, फार चर्चा नको, आण ती कात्री, अंदाजाने कापते. कात्री कापडाला टेकवली आणि पोरगी किंचाळली, "आत्या, थांब! लागलं!"

बघते तर पडद्यावर माझा कॉम्प्युटर, आणि त्यात पत्ते मांडलेले. मेन स्विच तू लावलेलास. माझ्या खुर्चीत, माझ्या विजेवर, भरदुपारी! (बायकोला काय सांगून येतोस? कुंड्यांना पाणी घालायला? मग कुंड्या का वाळतात?) मी बाण नमुन्याकडे न्यायची आणि तू तो पत्त्यांकडे खेचायचास. लहानपणी एकाच रजईत झोपायचो तेव्हाही तुझं हेच. शेवटी मी एका बोटाने टाइप केलं, "हात काढ." तू लिहिलंस, "कोण आहेस?" मी लिहिलं, "तुझी ताई." तर तू म्हणतोस, "ताई गावाला गेलीय, चोरा, थांब तू!" बहिणीची ओळख नाही ती नाही, वर चोराला थांबायला सांगतोस. नमुना इकडे यायला लागला होता, अर्ध्यावर होता, आणि तुला कसंतरी गुंतवून ठेवायचं होतं. म्हणून मी लिहिलं, "खुर्चीवर ओला टॉवेल टाकलायस तो आधी उचल." (इथून दिसत नव्हता, पण तू टाकणारच हे ठाऊक.) थोड्या वेळाने सगळं काळं झालं. प्लग उपटलास ना?

पण नमुना पोचला होता रे. पुरता पोचला होता. पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली, मी म्हटलं, रडतेस काय, खडू दे. कोट झाले. तुतारीवाल्याने घालून, हात वर करून, गाल फुगवून फुंकली, आणि बाही जागची हलली नाही. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

तर आता स्पष्ट बजावते. माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. किल्ली बायकोच्या ताब्यात दे.

तुझी,
ताई

ता. क. किल्ली दिली असलीस तर परत घे. बँडवाल्यांनी आता पँटांचंही काम पोरीला दिलंय, आणि तो नमुनाही तिथेच आहे. पत्र मिळालं की रोज जेवण झाल्यावर वर जायचं, मेन स्विच लावायचा, कॉम्प्युटर चालू करून खुशाल पत्ते खेळत बसायचं. बाण आपोआप हलला की हात मांडीवर ठेवायचे.

ता. क. आणखी एक. म्हणजे मी तुला घरी यायला सांगितलं असं कुणाला सांगत सुटू नकोस. मी सांगितलेलं नाही. आणि यावर मी आता एक अक्षरही लिहिणार नाही.