सालशाची फेरपरीक्षा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलोय आणि डाव्या हाताच्या तीन बोटांना मिरची लागल्यामुळे ती हवेत धरून लिहितोय). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? तुमच्या बाल्कनीतल्या कबुतरांनी अंडी घातली, की नुसतीच जागा अडवून बसलीयेत? सगळं सविस्तर कळव. इकडे सगळं क्षेम आहे, स्वयंपाकघराचं छत सोडून. छतावर टोमॅटो आहे. का आहे ते सांगतो, पण जरा दमानं. फोनवर हे बोलायची सोय नाही, कारण घर एवढंसं आणि नानांचे कान निवृत्तीनंतर इतके तिखट झालेत, की मी बाथरूममध्ये नळ सोडून कुजबुजलो तरी बाहेरून "काय म्हणतेय ताई?" असं येतं. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली. मागच्या पत्रात ऑपरेशननंतर नाना छान सुधारतायत असं लिहिलं होतं, ते साफ खोटं होतं. तू तिकडे बसून जिवाला घोर लावून घेशील म्हणून लिहिलं. आता रागाव, पण पुढे वाच. खरं असं, की दोन महिने हा माणूस जेवतच नव्हता. दोन घास खायचे, ताट बोटभर पुढे सरकवायचं, "तोंडाला चव नाही" म्हणायचं आणि उठायचं. वजन एकसष्टवरून बावन्नवर आलं. डॉक्टर म्हणाले पोट ठणठणीत आहे, दगडधोंडे मागितले तरी द्या, पण खाऊ देत. आता तुझी भावजय सकाळी आठला लॅबला जाते (अजून तिथेच आहे, लोकांचं रक्त बाटल्यांत भरून त्यावर नंबर चिकटवते), मी नऊला लिफ्टच्या कामावर. जाताना सूप, भात, उकडलेल्या भाज्या सगळं झाकून ठेवायचो आणि संध्याकाळी तसंच उचलायचो. नानांच्या पट्ट्याला मी खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली. चौथं पाडताना मला रडू कोसळलं, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

अशात तळमजल्यावरच्या दंतवैद्यांकडे नवीन खुर्ची आली. विजेवर वरखाली होणारी. त्या गृहस्थांना इतका आनंद झाला, की त्यांनी अख्ख्या इमारतीला खुर्ची बघायला बोलावलं आणि वर खाऊपिऊ ठेवलं (दात काढणाऱ्यानं खायला घालावं, यात धंदा कुठे आणि प्रेम कुठे हे मी विचारलं नाही). नानांना आम्ही जवळजवळ उचलूनच नेलं. सगळ्यांत वडील म्हणून खुर्चीवर बसायचा पहिला मान त्यांचा. दंतवैद्यांनी बटण दाबलं, नाना मागे आडवे झाले आणि कुणीतरी त्यांच्या शेजारच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये मक्याचे चिप्स आणि सालशाची, म्हणजे त्या परदेशी टोमॅटोच्या चटणीची, वाटी ठेवली. सगळे खुर्चीकडे बघत होते, नानांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. खुर्ची पुन्हा वर आली तेव्हा वाटी रिकामी! ताई, चाटूनपुसून रिकामी! आणि नाना हनुवटीचा टोमॅटो पुसत म्हणाले, "आणखी आहे का?" दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी दंतवैद्यांना जी मिठी मारली, ती त्यांच्या हातातला छोटा आरसा माझ्या नाकपुडीत गेल्यावरच सुटली.

सालसा संपला होता. बाटली कचऱ्यात गेली होती आणि कचरा गाडीत गेला होता. कुण्या पेशंटनं भेट दिलेली, कुठल्या ते दंतवैद्यांना आठवेना. एवढंच आठवत होतं, की झाकण लाल होतं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून सहा दुकानं पालथी घातली आणि मला ज्ञान झालं, की लाल झाकण नसलेला सालसा या जगात कुणी करतच नाही. शेवटी अकरा प्रकारच्या अकरा बाटल्या घेऊन आलो. सौम्य, मध्यम, तिखट, जरा जास्त मध्यम. एक जॅमसारखा गोड. एकाचं पाणी वर आणि टोमॅटो खाली, भांडण झालेल्या नवराबायकोसारखे. एकाला असा वास, की मला वाटलं कुठेतरी लिफ्टची मोटर जळतेय (मी सवयीनं उठून बघूनही आलो). शिवाय भावजय म्हणाली, बाजारचं कशाला, त्यात अर्धं व्हिनेगर असतं, घरी करू. मग तिनं एक केला आणि ईर्ष्येनं मी एक केला. गरम भाजलेले टोमॅटो मिक्सरमध्ये घालून झाकण घट्ट बसवून बटण दाबायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छताचं हे असं आहे. नशीब झाकण छताला लागलं, मला नाही.

आता तू म्हणशील, तेरा सालसे समोर आहेत, आवडेल तो खा म्हणावं, प्रश्न मिटला. पण ताई, तू हे विसरलीस, की आपले वडील छत्तीस वर्षं गणिताचे परीक्षक होते. नानांनी तेरा बाटल्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं, की मी सावधान उभा राहिलो. लेबल बघून मत बनतं, म्हणाले. नावं झाका, नंबर द्या. भावजयीच्या तर ते हाडीमासी खिळलेलं. तिनं सगळ्या बाटल्या गरम पाण्यात बुडवून लेबलं खरवडली, घरचे दोन सालसेही तसल्याच रिकाम्या बाटल्यांत भरले, एक ते तेरा नंबर चिकटवले आणि कुठला नंबर कोण याची यादी लिहून पाकिटात बंद करून कपाटाच्या खणात ठेवली. नानांनी शंभर गुणांचा तक्ता आखला. पास व्हायला पस्तीस. प्रत्येक सालशानंतर जीभ स्वच्छ व्हावी म्हणून चतकोर टोस्ट लोण्यासकट, आणि मधल्या सुट्टीत वाटीभर मऊ भात. आम्ही दोघं समोर पेन्सिल घेऊन पर्यवेक्षक.

निकाल भयंकर लागला. क्रमांक दोनवर शेरा: गोड बोलून गुण मिळवण्याचा प्रयत्न. क्रमांक सहा: पाल्हाळ फार, मुद्दा एकही नाही. क्रमांक नऊ: कांद्याचे तुकडे भूमितीत पैकीच्या पैकी, चवीच्या ठिकाणी कोरी जागा. (नऊ माझा होता, हे मला तिथेच कळलं, कारण कांदा मी कामावरच्या मापानं चार मिलिमीटरला चार मिलिमीटर कापला होता. चौदा गुण.) एकंदर अभिप्राय असा, की दुकानातले सगळे पाठांतर करून आलेत, पहिल्या घासाला फडाफडा बोलतात आणि दुसऱ्या घासाला काही विचारलं की मान खाली. घरचे दोघं मात्र स्वतःच्या डोक्यानं लिहितात, पण काय लिहितात ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बारा नापास. एकटा क्रमांक चार बावन्न गुणांनी पास! भावजयीनं मला चिमटा काढला, म्हणजे चार तिचा आहे अशी तिला खात्री. तिची आणि माझी फुगडी घालायची तेवढी बाकी राहिली.

मी क्रमांक चारची बाटली आणायला फ्रिज उघडला, तर आत तेरा बाटल्या नागड्या आणि खाली भाजीच्या ट्रेमध्ये तेरा नंबर ओले होऊन पडलेले. काचा ओल्या असतानाच चिकटवले होते ना! हरकत नाही, यादी आहे, कंपनी तरी कळेल, म्हणून खण उघडला, तर पाकीट गायब. नानांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, की सकाळी रुमाल शोधताना ते हाती लागलं, काय आहे ते लगेच ध्यानात आलं, आणि परीक्षा चालू असताना परीक्षकाच्या घरात असली यादी असणं हा गुन्हा असल्यामुळे त्यांनी ते न उघडता चार तुकडे करून कचऱ्यात टाकलं. न उघडता, ताई! आम्ही दोघं डोक्याला हात लावून बसलो. इतका प्रामाणिक माणूस घरात असला, की घराचं काही खरं नसतं.

त्या रात्री नानांनी दोन घास खाल्ले आणि ताट पुढे सरकवलं. परीक्षा संपली होती ना. मग मी सहज म्हटलं, की आता फेरपरीक्षा घ्यावी लागेल. नानांनी हात चोळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेरा सालसे, पुन्हा सव्वातीन टोस्ट, पुन्हा भात, आणि या खेपेला कुणीच पस्तिशी गाठली नाही. तेव्हा कुठे भावजयीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं एका बैठकीतलं खाणं मोजलं तर दीड माणसाचं जेवण! नाना सालसा खात नव्हते, ते पेपर तपासत होते, आणि तपासता तपासता जेवत होते. आता आम्ही दोघं कामावरून लवकर येऊन रोज संध्याकाळी परीक्षा घेतो. कधी दुकानातला नवीन विद्यार्थी, कधी घरचा. काल लॅबच्या काट्यावर वजन केलं. साडेचोपन्न! पट्टा एक भोक मागे आला! मी रस्त्यावर एका अनोळखी माणसाला सांगितलं.

हे नानांना कळता कामा नये. कळलं, की "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणून उठतील आणि पुन्हा ताट सरकवणं सुरू. म्हणून कुणी पास होता कामा नये. आणि नेमकं आता संकट असं, की दंतवैद्यांना तो पेशंट सापडलाय! त्याच्याकडून तसलीच बाटली घेऊन ते आज दुपारी वर येणार आहेत, इतक्या प्रेमानं, की त्यांना नको म्हणवत नाही. अख्ख्या गावात एकटा मीच असेन जो प्रार्थना करतोय, की चांगला सालसा घरात येऊ नये. मी सकाळीच लिफ्ट बंद करून "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी लावलीये (दंतवैद्यांचे गुडघे दुखतात, आपण पाचव्या मजल्यावर). देव मला क्षमा करो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – खरं कामाचं ते राहिलंच. घरच्या सालशाच्या दोन बाटल्या करून पाठव. पण वाईट कर. तुझ्या हाताला चव आहे, त्याचीच मला भीती. मीठ कमी, कांदा जाड, लिंबू विसरल्यासारखं. तीस ते चौतीसमध्ये बसव. त्याखाली गेलीस तर नानांची विषयावरची आशाच सुटेल. नाव लिहू नकोस. तुझा क्रमांक एकवीस.

ता. क. २ – दंतवैद्य जिन्यानं आले! घामाघूम झाले, पण आले. बाटली उघडली, नानांनी चाखली, डोळे मिटले, आणि एकोणतीस गुण दिले! एकोणतीस! त्याच सालशाला! दंतवैद्य हिरमुसले, मी त्यांना उचलून गोल फिरवलं, त्यांना वाटलं मी सांत्वन करतोय. पाकीट नानांच्याच हाती टपालात पाठवतोय, तेवढंच चालणं होतं. बंद पाकीट ते उघडत नाहीत, हे सिद्धच झालेलं आहे.

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ पाकिटाला डिंक लावायला विसरला. वाचलं. दंतवैद्यांचा सालसा उत्कृष्ट होता, ऐंशीच्या खाली देणं पाप झालं असतं. एकोणतीस दिले. तुझी आई गेल्यापासून या घरात जेवताना माझ्यासमोर कुणी बसत नव्हतं. दोघं बिचारी कामाची माणसं, त्यांचा दोष नाही. आता रोज संध्याकाळी दोघं पेन्सिली घेऊन समोर बसतात आणि माझ्या प्रत्येक घासाकडे बघतात. त्यांना यातलं काही कळवू नकोस, फार खुशीत आहेत.

तू वाईट सालसा करायला जाऊ नकोस, तुला जमणार नाही. मन लावून उत्तम कर आणि पाठव. नापास करायचं माझ्यावर सोड.

नाना