पेइझेन आणि फुटका आरसा

२ फेब्रुवारी, सकाळ
बायको, म्हणजे पेइझेन, यांगझोला बहिणीकडे गेली त्याला दीड महिना झाला. हवापालट! शेजारचा लाओ फान विचारतो, "वहिनी सोडून गेल्या की काय?" चहाटळ मेला. जाताना ती एवढंच म्हणाली, "मी तोंड उघडलं की तुम्ही त्या शब्दाचं मूळ सांगत बसता." आता जन्मभर शाळेत चिनी शिकवली माणसाने. दुसरं काय सांगणार?
संकल्प: पेइझेनला परत आणणे.

४ फेब्रुवारी
प्लॅन जबरदस्त. दुरावलेलं जोडपं एकत्र आलं की आपण म्हणतो, फुटका आरसा पुन्हा गोल झाला. हे आलं कुठून? आमच्या नानजिंगमधून! चौदाशे वर्षांपूर्वी चेन राजघराणं बुडायला आलं, तेव्हा राजकन्येने आणि तिच्या नवऱ्याने आरसा फोडून अर्धा अर्धा घेतला. ताटातूट झालीच, तर कंदिलांच्या सणाला बाजारात आपला अर्धा विकायला काढायचा. त्यावरूनच पुढे दोघं भेटली.
पेइझेनचा आरसा फोडला. दोन तुकडे काही झाले नाहीत, चुराच झाला. त्यातला बरा तुकडा कुरिअर केला.

७ फेब्रुवारी
मुलीचा, आनरानचा फोन. "बाबा, पार्सल उघडताना आईचं बोट कापलं." मी विचारलं, ते ठीक, पण सणाला येणार का? ती म्हणाली, "आई येतेय. प्लीज, त्या दिवशी फक्त तिचं ऐका."
अर्थातच. मी उत्तम श्रोता आहे.

१० फेब्रुवारी
गप्प बसायची प्रॅक्टिस, लाओ फानकडे. त्याला एकदाच दुरुस्त केलं. फार तर दोनदा.

१३ फेब्रुवारी
काल भेट झाली! छिनह्वाय नदीकाठी, कंदिलांखाली. बोटाला पट्टी होती. पेइझेन वाळलीय थोडी. दोघांसाठी तिळाच्या सारणाचे गोळे घेतले. म्हणाली, "मला काही सांगायचंय." मी गप्प. मग कंदिलांकडे बघत म्हणाली, "हसावं की रडावं, कळत नाही."
आता काय करणार? हा वाक्प्रचार त्याच आरशाच्या गोष्टीतला! एकीकडे जुना नवरा, दुसरीकडे तिला घेऊन गेलेला सेनापती, मध्ये राजकन्या. तिथूनच तो आला. सगळं सांगितलं, सेनापतीच्या नावासकट. पेइझेन नदीकडे तोंड करून अगदी मन लावून ऐकत होती.
माझं संपल्यावर वळली. "अहो, मी खरंच रडत होते."
मग मेट्रोकडे निघून गेली. गोळे तसेच.
एकंदरीत बरं झालं म्हणायचं. सुरुवात तर झाली.

१६ फेब्रुवारी
आनरानचा फोन. त्या दिवशी पेइझेन बॅग घेऊन आली होती. स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवली होती. परत राहायला येणार होती.
काल तिने यांगझोत स्वतःची खोली घेतली.
मी विचारलं, तिला सांगायचं काय होतं गं?
"ते आता तिचं तिच्यापाशी, बाबा."
तिने फोन ठेवला. मी कितीतरी वेळ हॅलो, हॅलो म्हणत होतो.