शेरा: चर्चा करावी

४ मार्च, मंगळवार
पत्र आलं! नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी तपासणीला येणार. आमच्याकडे लायसन्स चाळीस. आणि ते चालतंय किती कॉम्प्युटरवर? दोनदा मोजले — अकराशे सहा. लायसन्स सांभाळायचं काम माझं. म्हणजे मानही माझीच अडकणार.

५ मार्च
जुनी फाइल काढली. तीन वर्षांत चार वेळा लिहिलंय मी — लायसन्स घ्या, हा कॉपीराइटचा भंग आहे. चारही वेळा साहेबांचा एकच शेरा: "चर्चा करावी." आणि चर्चा म्हणजे काय? दार लोटायचं आणि म्हणायचं, "अहो, सरकारी खात्याला कोण विचारतंय? टाका सगळीकडे." ते बोलणं कुठल्या कागदावर आहे? कुठल्याच नाही! साहेब धुतल्या तांदळासारखे.

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत मेहुणा टेबलाशी आला. बायकोचा धाकटा भाऊ. इथे कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून मीच चिकटवला. सगळ्या कॉप्या त्यानेच टाकल्या, मी सांगितलं म्हणून. "भाऊजी, तेव्हा मी म्हणालो होतो, एक ओळ लिहून द्या."
म्हणाला होता खरा. मी हसण्यावारी नेलं — घरच्या माणसाला लेखी कशाला!

१० मार्च
लिफ्टमध्ये साहेब भेटले. छताकडे बघत होते.

१२ मार्च
त्या पत्रावरून खात्याने चौकशी समिती नेमलीय. तिच्यासमोर साहेब बिनदिक्कत म्हणाले, "हे चर्चेला कधी आलेच नाहीत." तळपायाची आग मस्तकात गेली. चारही वेळा गेलो होतो मी!
नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. आवाजात साखर. "तेवीस वर्षं झाली तुमची. जबाबात लिहा, तंत्रज्ञाने परस्पर केलं. कंत्राटी माणूस, काढून टाकू. नाहीतर मग तुमचं निलंबन." नीच माणूस! बाहेर आलो. उद्या अकरापर्यंत जबाब द्यायचाय.
बायकोला निम्मंच सांगितलं. ती म्हणाली, "काही झालं तरी त्याच्या अंगावर येऊ देऊ नका हो. त्याची पोर अजून रांगतेय."

१३ मार्च
सही केली. "परस्पर" हा शब्द माझ्याच अक्षरात आहे.
संध्याकाळी मेहुणा घरी आला. त्याला अजून काही कळलेलं नाही. "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे, भाऊजी." बायकोने दोघांची पानं वाढली. मी त्याच्या शेजारी बसून जेवलो.